मिश्र घरगुती कचऱ्याचं वर्गीकरण केंद्र: कोकणातल्या गावांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्गीकरण केंद्र म्हणजे नेमकं काय? कचरा डेपोवर शेड बांधली की झालं ना?

नाही. शेड हा केंद्राचा फक्त पावसापासूनचा बचाव. केंद्रात आलेला प्रत्येक टन वजनकाट्यावरून आत येतो आणि कोणत्या ना कोणत्या नावाने वजन होऊनच बाहेर जातो: पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पुठ्ठा, पत्रा, खत, आरडीएफ (म्हणजे कचऱ्यापासूनचं इंधन) किंवा भरावात (म्हणजे जमिनीत पुरायला) जाणारा निरुपयोगी भाग. आत आलेलं वजन, बाहेर गेलेलं वजन आणि वाफ होऊन उडालेलं पाणी यांचा मेळ बसत नसेल, तर मागच्या कुंपणापाशी ढीग वाढत असतो. केंद्र पाहायला गेलात तर यंत्रांच्या आधी ते कुंपण पाहा.

घरीच ओला-सुका वेगळा होत असेल तर याची गरज काय?

गरज कमी होते, संपत नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करायला सांगितले होते. पण नुसत्या सुक्या कचऱ्यातही वीसेक प्रकारचा माल असतो आणि त्याला प्रकारानुसार गिऱ्हाईक वेगळं. वेंगुर्ल्याने घराघरातून वेगळा कचरा घेऊन जुन्या डेपोच्या जागीच पुढचं बारीक वर्गीकरण उभं केलं. गोव्यात साळगावचा प्रकल्प २०१६ मध्ये रोज १०० टन क्षमतेने सुरू झाला, पुढे तो २५० टनांवर नेला. तिथे यांत्रिक वर्गीकरण आणि ओल्या भागापासून बायोगॅस अशी जोड आहे. गावाची पद्धत वेगळी आणि प्रकल्पाची वेगळी. आपलं गाव कुठल्या मापाचं, ते आधी ठरवा.

आमचं स्पष्ट मत: यंत्र कचरा वेगळा करतं, स्वच्छ करत नाही. माशाच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा यंत्रातून बाहेर पडतो तेव्हाही माशाच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठाच असतो.

तीस हजार वस्तीच्या गावाला केवढं केंद्र लागेल?

छोट्या शहरांत माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरतात. ३०,००० गुणिले ३०० ग्रॅम म्हणजे ९ टन; नियोजनाला १० टन धरा. मिश्र कचऱ्याची घनता घनमीटरला ४०० ते ५०० किलो असते, म्हणजे रोज २० ते २५ घनमीटर. यंत्र बंद पडलं तर दोन दिवसांचा माल आत मावला पाहिजे. दीड मीटर उंच ढीग धरला तर ५० घनमीटरला सुमारे ३५ चौरस मीटर लागतात. त्यात गाडी वळायला आणि लोडर फिरायला जागा मिळवली की उतरवण्याची फरशी १५० चौरस मीटरच्या खाली नको. बहुतेक आराखड्यांत हीच फरशी लहान पडते, कारण यंत्रांची यादी पाहताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

गाडी आत आल्यापासून कचऱ्याचा क्रम काय असतो?

वजन झाल्यावर माल फरशीवर उतरतो. इथे दोन माणसं मोठ्या आणि धोकादायक वस्तू बाजूला करतात: गाद्या, जाळी, दोर, चुडतं (नारळाच्या झावळ्या), शहाळी, गॅसचे छोटे सिलिंडर, बॅटऱ्या, रंगाचे डबे. ही पायरी वगळून माल सरळ हॉपरमध्ये (यंत्राच्या तोंडाशी असलेल्या नसराळ्यात) ढकलला की पुढचं यंत्र दिवसातून चार वेळा थांबतं.

पुढे बॅग ओपनर. तो पिशव्या फाडतो, बारीक चुरा करत नाही. इथे श्रेडर (कापून चुरा करणारं यंत्र) बसवण्याची चूक सर्रास होते. श्रेडरने काच, सेल आणि सॅनिटरी पॅड सगळं एकत्र कुटलं जातं आणि नंतर ते कुणालाच वेगळं करता येत नाही.

मग ट्रॉमेल, म्हणजे फिरती गोल चाळण. पहिल्या चाळणीची भोकं साधारण १०० मिलिमीटरची असतात. खाली पडतो तो मुख्यतः ओला, कुजणारा भाग. वरून पुढे जातं ते प्लास्टिक, कापड, पुठ्ठा. ट्रॉमेलचा उतार ३ ते ५ अंश ठेवतात. वेगाचं गणित सोपं आहे: ४२.३ ला व्यासाच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाने भागा, की ज्या वेगाला माल भिंतीला चिकटून गोल फिरत राहतो तो वेग मिळतो. २ मीटर व्यासाला तो मिनिटाला जवळपास ३० फेरे येतो. चालवायचं त्याच्या ४० ते ५० टक्क्यांवर, म्हणजे १२ ते १५ फेरे. "माल लवकर निघावा" म्हणून फेरे वाढवले की चाळणं थांबतं आणि ओला माल वरच्या पट्ट्यावर जाऊन बसतो.

वरच्या पट्ट्यावर आडवं टांगलेलं चुंबक लोखंड उचलतं. ॲल्युमिनियमसाठी एडी करंट यंत्र (फिरत्या चुंबकाने ॲल्युमिनियम बाजूला उडवणारं) असतं, पण त्याच्या आधी लोखंड काढलेलंच हवं. लोखंडाचा तुकडा फिरत्या चुंबकावर चिकटला तर तापतो आणि ड्रमचं आवरण जाळतो. बॅलिस्टिक सेपरेटर हलत्या तिरक्या पाट्यांवर चपटा माल (पिशव्या, कागद) वर चढवतो आणि गोल-कडक माल (बाटल्या, डबे) खाली घरंगळवतो. त्यापुढे हाताने निवडायचा पट्टा, मग प्रेस (माल दाबणारं यंत्र), मग गठ्ठे.

पावसाळ्यात केंद्राची कामगिरी एकदम का घसरते?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर जवळपास नेहमी पाणी हेच असतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

हिशेब करून पाहा. ५० टक्के ओलाव्याच्या १० टन कचऱ्यात ५ टन कोरडा माल आणि ५ टन पाणी असतं. तोच कोरडा माल ६५ टक्के ओलावा घेऊन आला तर काटा १४.३ टन दाखवतो. वाढलेले ४.३ टन सगळं पाणी. वाहतुकीचे पैसे त्याचे, डिझेल त्याचं, यंत्रावरचा भार त्याचा. उपयोगाचा माल एक किलोनेही वाढलेला नसतो.

शिवाय ओला माल चाळला जात नाही. कुजका चिखल प्लास्टिकच्या पिशवीला चिकटतो, भोकं बुजतात आणि १०० मिलिमीटरची चाळण आठवड्याभरात ६० मिलिमीटरची झाल्यासारखी वागते. यावर चालतात त्या गोष्टी अशा:

- घंटागाडीला वरून झाकण. ताडपत्री नव्हे, कारण ताडपत्रीत पाणी साठतं आणि उघडताना सगळं आतच ओततं.
- फरशीला १ ते २ टक्के उतार आणि पागोळ्यांचं पाणी वेगळ्या गटारात. छपराचं स्वच्छ पाणी कचऱ्याच्या गळतीत (कचऱ्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्यात) मिसळू दिलं तर गळतीची टाकी एका रात्रीत भरते.
- शेडची नैर्ऋत्य बाजू बंद, छपराला निदान दीड मीटर पुढे झाप. कोकणात पाऊस वरून कमी आणि बाजूने जास्त येतो.
- रोज पाळी संपल्यावर ट्रॉमेलची भोकं साफ. आतल्या बाजूने खरवडायचं तर आधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचं आणि चावी आत जाणाऱ्याच्याच खिशात ठेवायची.
- चाळण्याआधी एक-दोन दिवस ढिगाखालून हवा देणं. थोडा आतल्या उष्णतेने, थोडा हवेने माल सुटा होतो. जागा असेल तर या खर्चाइतका फायदा दुसऱ्या कशात नाही.

ट्रॉमेल आणि श्रेडरला सारखं काहीतरी गुंडाळलं जातं. कारण काय?

नायलॉनची जाळी, दोर, साड्या आणि नारळाचा काथ्या. यातलं जाळं सर्वांत वाईट: ते तुटत नाही, ताणलं जातं आणि बेअरिंगच्या बाजूने शाफ्टवर घट्ट बसतं. घर्षणाने वितळलं तर सील जातं. उपाय फरशीवरच आहे. बंदरालगतच्या वस्तीत जुन्या जाळ्यांसाठी वेगळा पिंजरा ठेवा. नायलॉनच्या स्वच्छ जाळ्याला भंगारात भाव मिळतो, कचऱ्यात मिसळलेल्या जाळ्याला मिळत नाही.

शहाळी आणि सोडणांचं (नारळाच्या सालींचं) काय करायचं?

ओल्या कचऱ्यात टाकू नका. शहाळं सडायला महिनोन्‌महिने घेतं, बायोगॅस टाकीत वर तरंगतं आणि खताच्या ढिगात तसंच राहतं. त्यासाठी वेगळी फेरी आणि वेगळा चुरा करणारं यंत्र लागतं. चुरा मात्र फार कामाचा. तो पुढच्या प्रश्नात लागेल.

मासळीचा कचरा, कोळंबीची टरफलं, तिसऱ्या-कालवांच्या शिंपल्या कुठे जातात?

या तिघांचं वागणं वेगळं, म्हणून उत्तरही वेगळं.

मासळीच्या आतड्या-डोक्यांत नत्र खूप असतं. खताच्या ढिगात कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं हवं. नुसती मासळी कुजवली तर जादा नत्र अमोनिया होऊन उडतं आणि सगळ्या वाडीला कळतं. मासळीच्या एका भागाला आकारमानाने तीन भाग तरी भुसा, चुडतांचा किंवा सोडणांचा चुरा घाला आणि वर वीतभर कोरडा थर द्या, म्हणजे माशा बसत नाहीत. बायोगॅसला मासळी चालते, पण भाताच्या-भाजीच्या उष्ट्यात मिसळून, थोडीथोडी. बाजाराच्या दिवशी एकदम ओतली तर टाकीतला अमोनिया वाढून वायू देणारे जिवाणू मंदावतात.

कोळंबीची टरफलं आणि कुर्ल्यांच्या नांग्या कुजतात, जरा सावकाश.

शिंपल्या कुजतच नाहीत. त्या चुन्याच्या आहेत: टाकीच्या तळाशी बसतात, पंप झिजवतात आणि चाळणीला कानसीसारख्या घासतात. हॉटेलांकडून आणि मासळी बाजारातून त्या वेगळ्या घ्या. धुऊन-वाळवून भाजल्या तर चुना आहेच.

हाताने निवडायचा पट्टा किती वेगाने चालवावा?

सेकंदाला १० ते २५ सेंटिमीटर. मालाचा थर १५ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. माणसाचा हात ६० सेंटिमीटरपर्यंत सहज पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंना माणसं असतील तर पट्टा १.२ मीटरपेक्षा रुंद नको.

माणूस मिनिटाला तीसेक वस्तू उचलतो असं धरा. २० ग्रॅमची पेट बाटली असेल तर तासाला ३६ किलो झाले. तीच मेहनत ३ ग्रॅमच्या वेफर्सच्या पाकिटावर घातली तर तासाला साडेपाच किलोही होत नाहीत. म्हणून निवडायचं ते मोलाचं आणि वजनदार. पाकिटं पट्ट्यावरून तशीच शेवटपर्यंत जाऊ द्यायची, ती आरडीएफमध्ये जातात. "सगळं निवडा" असा हुकूम निघाला की बाटल्याही सुटतात.

आपोआप निवडणारं ऑप्टिकल यंत्र घ्यावं का?

दहा टनांच्या गावाला नको. हे यंत्र निअर इन्फ्रारेड प्रकाशात प्लास्टिकचा प्रकार ओळखतं आणि हवेच्या झोताने वस्तू उडवतं. त्याला माल एकेरी थरात, कोरडा, सेकंदाला अडीच-तीन मीटर धावणाऱ्या पट्ट्यावर द्यावा लागतो. पाणी हाच प्रकाश शोषतं, त्यामुळे ओल्या मालावर ते चुकतं. काजळी घातलेलं काळं प्लास्टिक त्याला दिसतच नाही. पूर्ण अंगावर लेबल चढवलेली बाटली ते लेबलच्या नावाने ओळखतं. आणि ज्या गावात दिवसाला टनभर प्लास्टिक येतं, तिथे ते यंत्र तासाभरात मोकळं होतं. उरलेला दिवस कंप्रेसर आणि कर्ज. तीन-चार तालुक्यांचं एकत्र केंद्र असेल तर पुन्हा बोलू.

भंगारवाला "माल मिक्स आहे" म्हणून भाव पाडतो. प्लास्टिक ओळखायचं कसं?

आधी तळावरचा त्रिकोणातला आकडा: १ पेट, २ एचडी, ३ पीव्हीसी, ४ एलडी, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन, ७ इतर. आकडा नसेल तर तुकडा गोड्या पाण्याच्या बादलीत टाका. पीपी (घनता ०.९०), एलडी (०.९२) आणि एचडी (०.९५) तरंगतात. पॉलिस्टायरिन (१.०५), पेट (१.३८) आणि पीव्हीसी (सुमारे १.४) बुडतात. फुगवलेला थर्माकोल अर्थात तरंगतो.

अडचण पेट आणि पीव्हीसीची, दोन्ही बुडतात. पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि थोड्याशा भेसळीने सगळी पेट पिवळी पडते. शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एका छोट्या तुकड्यावरच करा.

बाटल्यांची टोपणं वेगळी काढा (पीपी किंवा एचडी), पाणी ओता, मगच गठ्ठा बांधा. पाण्याने भरलेला गठ्ठा एकदाच विकला जातो.

आमचं खत कुणी का घेत नाही?

हातात घेतलं की काच टोचते म्हणून. मिश्र कचऱ्याचं खत चार आठवडे उलटून-पालटून, ५५ ते ६० अंशांपर्यंत तापवून, मग ३५, १६ आणि शेवटी ४ मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे शहरी खताचा ९० टक्के भाग ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, ओलावा १५ ते २५ टक्के आणि कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत हवं. चाळण काचेचा मोठा तुकडा थांबवते, कणी थांबवत नाही. चुंबकाला काच कळत नाही. काच फुटते ती दाबून भरणाऱ्या कॉम्पॅक्टर गाडीत. म्हणजे खताचा दर्जा गाडीतच ठरलेला असतो.

जड धातूंची मर्यादा ओलांडलेलं खत अन्नपिकाला वापरता येत नाही. रस्त्याकडेची झाडं, बागा यांना चालतं. हापूसच्या बागायतदाराला ते गोणीत घालून देऊ नका. वेगळ्या आलेल्या ओल्या कचऱ्याचं खत वेगळ्या रांगेत करा आणि तेच विका.

आरडीएफचे गठ्ठे पडून आहेत, सिमेंट कारखाना घेत नाही. का?

तीन कारणं: ओलावा, क्लोरीन, अंतर.

कोरड्या स्थितीत किलोला ४,५०० किलोकॅलरी देणारा माल २० टक्के ओलाव्याला सुमारे ३,४८० देतो. ४५ टक्क्यांना तोच २,२०० वर येतो, कारण पाणी असतं तेवढं जळण कमी, आणि वर ते पाणी उकळायला उष्णता खर्च. दोन गठ्ठे बाहेरून सारखेच दिसतात.

क्लोरीन येतं पीव्हीसीतून आणि मिठातून. आपल्याकडे खारं पाणी प्यायलेली जाळी, दोर, सुक्या मासळीच्या गोणी हे मीठ घेऊनच येतात. भट्टीत त्याचे क्षार उडतात, थंड भागात जमतात आणि मार्ग चोंदतो. म्हणून कारखाना नमुना तपासूनच गाडी आत घेतो.

अंतराला इलाज नाही. चुनखडी नाही म्हणून कोकणात सिमेंटच्या भट्ट्या नाहीत. माल घाट चढून बागलकोट-कलबुर्गीकडे जातो. सैल माल भरलेला ट्रक वजनाने अर्धा रिकामाच असतो, त्यामुळे प्रेस केल्याशिवाय पाठवू नका. १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांकाचा, पुनर्वापर न होणारा कचरा भरावात टाकायला २०१६ च्या नियमांनीच मनाई केली, त्यामुळे "पुरून टाकू" हाही मार्ग बंद.

सॅनिटरी पॅड आणि डायपर पट्ट्यावर आले तर?

हाताने उघडायचे नाहीत. चिमट्याने पिवळ्या पिशवीत, तिथून जाळण्याच्या अधिकृत सोयीकडे. घरातून ते कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळे आले तर पट्ट्यावर येतच नाहीत.

कामगारांसाठी कमीत कमी काय हवं?

धनुर्वात आणि हेपेटायटिस बी यांच्या लसी कामावर घेण्याआधी सुरू. सुई आरपार जाणार नाही असे हातमोजे. पातळ रबरी मोजे फक्त मन शांत करतात. जाड तळाचे बूट. पट्ट्याच्या पूर्ण लांबीला ओढताच यंत्र थांबेल अशी दोरी. निवडण्याच्या खोलीत हवा माणसाच्या डोक्याकडून पट्ट्याकडे जावी, उलट नव्हे. आणि अंघोळीची सोय: पावसाळ्यात ओल्या कपड्यांत आठ तास काम केल्यावर त्वचेचे आजार होतातच.

गठ्ठ्यांना आग कशी लागते? तिथे तर कुणी विडीही ओढत नाही.

मोबाइल, ट्रिमर, खेळण्यांतले लिथियम सेल प्रेसमध्ये चिरडले जातात. धग आत राहते आणि कधीकधी काही तासांनी, मध्यरात्री पेट घेते. रांगांमध्ये मोकळी वाट, छपरापासून अंतर, आणि शेवटचे गठ्ठे बांधल्यावर निदान दोन तास कुणीतरी जागं. ओल्या ढिगाचं तापमान लांब काठीच्या थर्मामीटरने पाहा; ७० अंशांच्या वर चढत असेल तर ढीग पसरा. धोका मार्च ते मेमध्ये सर्वाधिक.

मे महिना आणि गणपतीत काय वेगळं करावं?

चाकरमानी आले की वस्ती वाढते आणि कचऱ्याचा पोतही बदलतो. मेमध्ये आंब्याचे बाठे, फणसाची चारखंडं, पेट्यांतला पेंढा आणि फळांवरच्या फोमच्या जाळ्या. पेंढा बाजूला साठवा, मासळीच्या ढिगाला तोच लागतो. बाठे चाळणीत अडकतात. फोमच्या जाळ्या हवेने उडून छपराला चिकटतात. त्या पिशवीत भरूनच आत आणा. गणपतीत निर्माल्याची गाडी वेगळी हवी, दोरा आणि प्लास्टिकची फुलं काढून. यंत्राची मोठी दुरुस्ती एप्रिलच्या आत उरका.

खाऱ्या वाऱ्यात यंत्रं किती टिकतील?

रंगावर भरवसा ठेवला तर दोन पावसाळे. सांगाडा गरम जस्तलेपाचा घ्या, जाड पोलादावर लेपाची जाडी ८५ मायक्रॉन. बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. ३०४ ला खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात. विजेचं पॅनेल धूळ-पाणी न शिरणारं (आयपी ६५) आणि बंद खोलीत. पॅनेलमधली पाल हा विनोद नाही, शॉर्ट सर्किटचं नेहमीचं कारण आहे.

जागा सड्यावर (जांभ्याच्या उघड्या पठारावर) घेतली तर चालेल?

गावापासून लांब म्हणून सगळ्यांना सडाच आवडतो. पण जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर सांडलेली गळती पायथ्याच्या वाडीतल्या विहिरीत निघते. काँक्रीटची फरशी, पूर्ण छप्पर आणि बंद गळती टाकी असेल तरच. २०१६ च्या नियमांत भराव भूमीसाठी नदीपासून १०० मीटर आणि तळी, वस्ती, विहिरींपासून २०० मीटर अंतर दिलं होतं. केंद्रासाठीही तेच धरलं तर पुढचे वाद वाचतात. खाडीकाठची स्वस्त जागा नको, सागरी किनारा नियमन क्षेत्रात शहराचा कचरा टाकायला बंदी आहे. रोज ५ टनांपेक्षा जास्त प्रक्रिया असेल तर २०१६ च्या याच नियमांप्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यावी लागत असे.

भंगार विकून केंद्राचा खर्च निघेल का?

नाही. चांगला पुठ्ठा, पत्रा, ॲल्युमिनियम भंगारवाला दारातूनच नेतो, आणि ते चांगलंच आहे. केंद्रात येतो तो त्याने नाकारलेला माल. मालाच्या विक्रीतून वीज-डिझेलचा काही भाग सुटेल; पगार आणि दुरुस्ती नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातच धरा. जो ठेकेदार "आम्हाला एक पैसाही नको, माल आमचा" म्हणतो, त्याच्या करारात बाहेर जाणाऱ्या निरुपयोगी भागाचं वजन रोज लिहून देण्याची अट घाला आणि तो काय म्हणतो ते पाहा.